हौदाचा तळ

"मंगळसूत्र काढलं होतंत ना?" केळुसकर सरांनी विचारलं.

मी दाराशेजारच्या खुंट्यांकडे बोट दाखवलं. एका खुंटीवर माझं मंगळसूत्र आणि पाटल्या होत्या, दुसऱ्या खुंटीवर गांगुर्डेचं चांदीचं कडं आणि करदोटा. हौदात उतरणाऱ्याच्या अंगावर धातूचा कणसुद्धा नको, असा सरांचा नियम होता. मी तर केसातल्या पिनासुद्धा काढून रबर लावून जात असे.

"मग हे काय आहे?" त्यांनी स्कोपच्या हिरव्या पडद्यावर बोट टेकवलं. "वरून अर्ध्या टनाचं वजन पडलंय. खालची वाळू दबायला हवी. तुमची खालची जोडी म्हणते, वाळू पसरली. कर्णिकबाई, घण बसल्यावर माती पसरते, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

गांगुर्डे वजन वर ओढायच्या विंचच्या दांड्याला टेकून छताकडे बघत होता.

हे चौऱ्याऐंशी साल. नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर, माळावर, आमचं माती-संशोधनाचं केंद्र होतं. धरणाच्या मातीला भूकंपाचा किंवा सुरुंगाचा हादरा बसला की आत किती ताण पडतो, हे मोजणारं गेज केळुसकर सरांनी स्वतः तयार केलं होतं. दिसायला अगदी साधं. ग्लुकोजच्या बिस्किटाएवढ्या दोन चकत्या, आत तांब्याच्या तारेची वेटोळी. एक चकती वाळूत खाली ठेवायची, दुसरी तिच्यावर चार बोटांच्या अंतरावर. दोघींमध्ये काही जोडलेलं नाही, मध्ये नुसती वाळू. खालचीत वीज सोडली की वरचीला ती जाणवते. हादऱ्याने वाळू दबली की चकत्या जवळ येतात आणि संकेत वाढतो. म्हणूनच आसपास धातू चालत नसे. धातू आला की संकेत खातो.

वाळूचा काँक्रीटचा हौद पुरुषभर खोल होता. वाळू नदीतली, ओली, कारण धरणाखालची वाळू कोरडी नसते. हौदावर लोखंडी मनोरा, त्यातून वजन खाली सोडायचं. गेजच्या तीन जोड्या तीन थरांत पुरायच्या. वरची आणि मधली शहाण्या मुलींसारख्या वागत होत्या. खालची जोडी मात्र दिवाळीनंतर बिघडली होती आणि दर चाचणीला जास्तच बिघडत चालली होती.

आम्ही चकत्या बदलल्या. तारा बदलल्या. टेबलावर तपासल्या की खालच्या चकत्याही चोख निघत. पुरल्या की पुन्हा तेच.

"यंत्रात दोष नाही," सर एके दिवशी म्हणाले. "म्हणजे माणसात आहे."

त्या दिवसापासून खोलीला दोन कुलपं लागली. दोन्ही किल्ल्या सरांच्या खिशात. चकत्या पुरून झाल्या की हौदावर ताडपत्री, ताडपत्रीला सुतळी आणि सुतळीला लाख. मी आणि गांगुर्डे सोडून कोणी आत जायचं नाही, आणि आम्हीसुद्धा एकेकटं जायचं नाही. एकदा मी जेवायला बसले तर माझ्या डब्याचं झाकण उलटं लागलेलं होतं. कोणीतरी डबा उघडून पाहिला होता. भेंडीच्या भाजीत लोहचुंबक शोधणारा माणूस कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

मी मुळातच संशयी बाई. दूधवाल्याच्या मापापासून शेजारणीच्या स्तुतीपर्यंत मला कशावरही चटकन विश्वास बसत नाही. पण दुसऱ्यावर संशय घेणं वेगळं आणि आपल्यावर तो घेतला जाणं वेगळं. अंगावर पाल पडल्यासारखं वाटत होतं मला.

माझ्या डोळ्यांसमोर सुरुवातीला होता गांगुर्डे. तो केंद्राचा मेकॅनिक, सटाण्याकडचा. हौद बांधून झाला तेव्हा त्याची इच्छा होती की पूजा करावी, तळात कलश ठेवावा, नारळ फोडावा. जुन्या हौदाची भिंत ढासळून त्याचा पाय मोडला होता, तेव्हा त्याचं म्हणणं काही वावगं नव्हतं. सरांनी सगळ्यांसमोर त्याला झाडलं होतं. "इथे विज्ञान चालतं, गांगुर्डे. नारळ घरी फोडा." दसऱ्याला यंत्रांना झेंडूची माळसुद्धा घालू दिली नव्हती. तो अपमान गांगुर्डेच्या मनात असणार, असं मी धरून चालले होते.

गंमत म्हणजे त्याच्याही मनात तेच चाललं होतं. एकदा वाळू थापटता थापटता तो हळूच म्हणाला, "बाई, राग नका मानू. पन तुमीच तर न्हाय ना काय करत?"

"मी? मला काय मिळणार त्यातून?"

"न्हाय, सायेब इचारत व्हते मला. का बाईंचे मालक काय धंदा करत्यात म्हनून." त्याने थापी खाली ठेवली. "म्या म्हनलं, मला न्हाय ठावं."

मी त्याची थापी उचलली आणि थापटलेलीच जागा पुन्हा थापटत राहिले.

माझे यजमान, अरविंद, मुंबईच्या एका एजन्सीत विक्री अधिकारी होते. ही एजन्सी परदेशी मोजमाप-यंत्रं आणून विकायची. त्यांच्या यादीत मातीतला ताण मोजणारं जर्मन गेजही होतं. आमचं गेज नापास झालं तर केंद्र तेच विकत घेणार, हे उघड होतं.

दुसऱ्याच दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"पुढच्या गुरुवारी मंजुरी देणाऱ्या समितीचे देवस्थळी येतायत. त्यांच्यासमोर शेवटची चाचणी. पास झालो तर काम पुढे चालेल. नाही तर बंद. ते मला चालेल, कर्णिकबाई. पण बंद का पडलं, हे मला लिहावं लागेल. आणि मी गप्प बसणारा माणूस नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचे मिस्टर हल्ली कुठे असतात?"

"फिरतीवर असतात."

"नाशिकला?"

"असतील."

"तुम्ही घरी इथल्या कामाबद्दल बोलता?"

मी 'नाही' म्हणाले, आणि म्हणतानाच मला कळलं की हे खोटं आहे.

मी रोज बोलत होते. अरविंद घरी आले, बूट काढले, हातात चहाचा कप घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय म्हणते तुमची वाळू?" लग्न झाल्यापासून. त्यांना त्यात खरंच रस होता की माझ्या तोंडाची टकळी ऐकायची हौस होती, कोण जाणे, पण मी सगळं सांगायची. सर कसे चिडले, गांगुर्डेने कोणती शिवी दिली, चकती कशी फुटली. दिवसातला तेवढाच वेळ माझ्या खास हक्काचा होता.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणते तुमची वाळू?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाही कसं? खालची जोडी सुधारली?"

खालची जोडी! मी त्यांच्याकडे बघत राहिले. खालची जोडी बिघडल्याचं मीच त्यांना सांगितलं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही त्यांच्या तोंडून ते शब्द मला नको होते. एकदा संशयाचं भूत डोक्यात शिरलं की प्रेमाने विचारलेलं आणि कामासाठी विचारलेलं यातला फरक कळेनासा होतो.

मग मी पाहायला लागले. ते नागपूर, अकोला, अमरावती असं बोलत होते. पूर्वी त्यांचा सगळा भाग नाशिक-नगरचा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग नाशिक कोण बघतं हल्ली?"

"बघतं कोणीतरी," ते म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

त्यांना पेपर तोंडासमोर धरायची सवय नव्हती. ते आंघोळीला गेले की मी त्यांची फिरतीची बॅग उघडायला लागले. त्यात दाढीचं सामान, दोन शर्ट, अकोल्याच्या लॉजचा साबण. एवढंच निघालं, तरी मला बरं वाटलं नाही. माणूस काही लपवतोय, आणि ते बॅगेत नाही, म्हणजे ते आणखी मोठं असणार, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. ते माझ्यासमोर चहा घेत बसले होते. तेही त्या दिवशी फिरतीवर निघणार होते.

"आज तुमचे ते समितीवाले ना?" त्यांनी विचारलं. "घाबरू नकोस. काय म्हणते तुमची वाळू?"

माझा तोल गेला.

"तुम्हाला एवढं काय पडलंय आमच्या वाळूचं?" मी म्हटलं. "कोणाला सांगता तुम्ही? आमचं गेज पडलं तर तुमचं जर्मन गेज विकलं जाणार, म्हणून विचारता ना रोज?"

त्यांनी कप खाली ठेवला. बशीवर, नीट, आवाज न करता.

"दिवाळीच्या आधीच मी नाशिक सोडलं," ते म्हणाले. "साहेबांना सांगितलं, तो भाग दुसऱ्याला द्या. मला विदर्भ द्या."

"का?"

"तुझ्या केंद्रात माल विकायला तुझा नवरा यायला नको म्हणून. कोणी तुझ्याकडे बोट दाखवायला नको."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू अडवलं असतंस. तिथे प्रवास जास्त, उन्हाळा भयंकर. म्हणाली असतीस, माझ्यासाठी कशाला." त्यांनी बॅग उचलली. "जातो मी. गाडी चुकेल."

चहा अर्धा तसाच राहिला होता. मी तो ओतून टाकला, कप धुतला आणि कामाला निघाले. बसमध्ये मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. अरविंद नाहीत. मी नाही. गांगुर्डे? त्याने केलं असतं तर एखाद्या दिवशी तो विसरला असता, एखाद्या दिवशी त्याला संधी मिळाली नसती, आणि त्या दिवशी गेज नीट चाललं असतं. पण हा बिघाड एकदाही मागे गेला नव्हता. दर चाचणीला थोडा थोडा वाढत होता, एकाच दिशेने. माणूस इतका नियमाने वागत नाही. कुलपं लावून, लाख लावूनही तो वाढतच होता. म्हणजे तो दारातून येतच नव्हता.

हौदाच्या खोलीत पोचले तेव्हा देवस्थळी आलेले होते. धरणावर आयुष्य काढलेले, निवृत्त, टोपी घालणारे, तोंडात लवंग. गांगुर्डेने वजन वर नेलं. सरांनी घंटी वाजवली. विंचचा आकडा सुटला, वजन पडलं, पायाखालची जमीन हलली, आणि पडद्यावर तीन रेघा उमटल्या. दोन वर, तिसरी खाली. आजवरच्यात सगळ्यात खाली.

देवस्थळी पडद्याकडे वाकून म्हणाले, "ही तिसरी बाई रुसलीय वाटतं."

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "साहेब, मला तुमच्याशी खासगीत बोलायचंय. या यंत्रात दोष नाही. इथल्या कोणाचा तरी हात आहे आणि मला तो कोणाचा हे ठाऊक आहे." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खासगीत कशाला?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. "माझं नाव घ्यायचंय ना? घ्या. पण आधी हौद उपसा. तळापर्यंत."

"तळ हलवायचा नाही," सर ताडकन म्हणाले.

"का?"

"दोन वर्षं दाबून दाबून बसवलेला थर आहे तो. तसा पुन्हा बसायचा नाही. आपण नेहमी वरचीच वाळू काढतो, तुम्हाला माहीत आहे."

"म्हणूनच म्हणतेय. वरचं सगळं आपण दर वेळी बघतो. खालचं कोणी बघितलंय? बिघाड खालून वर येतोय, सर. दर हादऱ्याला थोडा थोडा."

सर काही बोलले नाहीत. आणि त्यांच्या गप्प राहण्याने माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस वाद सोडणारा नव्हता. वाळूच्या एका कणावरून तासभर भांडायचा. आज तळाचं नाव काढल्यावर त्याची नजर हौदाकडे गेली आणि लगेच परत फिरली.

देवस्थळींनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "उपसा. यंत्र नापास करायचंच आहे तर कशामुळे ते तरी कळू दे."

गांगुर्डेने कडं काढून खुंटीवर टांगलं आणि लाकडी फावडं घेऊन उतरला. मीही मंगळसूत्र काढून उतरले. सर काठावर उभे होते. वरची जोडी निघाली, मधली निघाली, खालचीही निघाली. त्या खालच्या चकतीखाली वीतभरही वाळू काढली नसेल, गांगुर्डेचं फावडं कशावर तरी घसरलं.

"दगड व्हय?" तो म्हणाला. मग वाकून त्याने हाताने वाळू बाजूला केली. "आवो बाई, हे तर भांडं हाये."

झाकणाचा तांब्याचा गडू होता. झाकणाच्या कडेने मेण ओतून बंद केलेला. गळ्याला काळी पडलेली दोऱ्याची गुंडाळी. गांगुर्डेने तो हलवला, आत सुपारी खुळखुळली. बाकी पोकळ.

हौदाच्या तळाशी पुरलेला कलश. ओली वाळू हादरली की तिच्यातलं पोकळ भांडं वर सरकतं. भूकंपात जमिनीखालच्या रिकाम्या टाक्या वर येतात, हे आमच्याच विषयातलं पहिल्या वर्षाचं ज्ञान. दोन वर्षं आम्ही वरून घण घालत होतो आणि हा गडू खालून एकेक बोट वर चढत होता. तांब्याचा. चकत्यांना त्याची चाहूल लागली होती.

देवस्थळी काठावरून वाकले. "कोणाचा हो हा?"

गांगुर्डेने गडू फिरवला. पोटावर नाव घातलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात ठिपक्या-ठिपक्यांनी घालून देतात तसं. त्याने ते वाचलं, एकदा वर पाहिलं, आणि गडू माझ्या हातात दिला. त्याला बोलायचं नव्हतं. मला बोलायचं होतं. मी मोठ्याने वाचलं.

"सौ. निर्मला केळुसकर हिस लग्नाच्या वाढदिवसानिमित्त. आईकडून."

सर काठावरच खाली बसले, पँटला वाळू लागतेय याचंही भान नव्हतं त्यांना.

"तिच्या मनात फार भीती होती," ते म्हणाले. "गांगुर्डेचा पाय मोडला तेव्हापासून. म्हणाली, पुढच्या वेळी तुम्ही असाल खाली. रविवारी आलो आम्ही दोघंच. मी म्हटलं, अगदी तळाला ठेव, तिथे कशाला त्रास होतोय." त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. "मेणसुद्धा मीच लावायला सांगितलं. पाणी शिरू नये म्हणून. कर्णिकबाई, आई शपथ, ते भांडं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्याला भांडं म्हणून कधी पाहिलंच नाही."

"सायेब," गांगुर्डे हौदातून म्हणाला, "मला सांगितलं असतं तर म्या मातीचा आनला असता की."

देवस्थळी हसायला लागले. टोपी काढून, डोळे पुसून हसले. "केळुसकर, तुमचं यंत्र पास आहे. बायकोने लपवलेलं भांडं वाळूतून हुडकलं, आणखी काय पाहिजे!"

त्यांनी तसा शेरा दिला नाही अर्थात, पण गेज मंजूर झालं. हौद भरून पुन्हा चाचणी झाली तेव्हा तिन्ही रेघा वर गेल्या. सरांनी माझी माफी मागितली, सगळ्यांसमोर, आणि ती मी घेतली. मनापासून घेतली. पुढे एकवीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं, आणि दसऱ्याला गांगुर्डे हौदावर झेंडूची माळ घालायचा तेव्हा सर काही बोलत नसत.

अरविंद त्या आठवड्याच्या शेवटी फिरतीवरून आले. मी जेवण त्यांच्या आवडीचं केलं होतं. बूट काढले, चहा घेतला. मी त्या ठरलेल्या वाक्याची वाट पाहत होते. त्यांनी पेपर उघडला.

शेवटी मीच सगळं सांगितलं. गडू, नाव, मेण, देवस्थळींचं हसणं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बरं झालं," ते म्हणाले. "तुझ्यावरचं बालंट गेलं." मी म्हटलं, चुकलं माझं त्या दिवशी. तेही म्हणाले, "अगं, सोड. तुझी तरी काय चूक." आणि खरंच सोडलं त्यांनी. कधी टोमणा मारला नाही, कधी आवाज चढवला नाही. संसार चांगला झाला आमचा. मुलं शिकली. त्यांनी विदर्भच ठेवला शेवटपर्यंत.

मी निवृत्त झाले तेव्हा केंद्रात समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. केळुसकर सर काठी टेकत आले होते. नवीन संचालकांनी आग्रह धरला की बाईंच्या कामाबद्दल मिस्टरांनी दोन शब्द बोलावेत. अरविंद उठले, माईकसमोर उभे राहिले, चष्मा नीट केला.

"हिच्या कामाबद्दल मला काही सांगता येणार नाही," ते हसून म्हणाले. "मी कधी विचारलं नाही."

सगळा हॉल हसला. टाळ्या वाजल्या. मी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून बसले होते.